फौज कशावर पोसावी: सरंजाम, जायदाद, म्हैसूरची सरकारी वसुली आणि कंपनीचे कर्ज

सालबाईचा तह मे १७८२ मध्ये झाला आणि इंग्रजांशी सात वर्षे रेंगाळलेले युद्ध संपले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांच्या फौजेने मान तुकवली होती, त्यामुळे आपण जिंकलो असे पुणे दरबाराला वाटण्यास पुरेशी जागा होती. मात्र त्याच सुमारास बंगालकडून निघालेली इंग्रज सेनानी गॉडर्डची फौज अर्धा हिंदुस्थान तुडवून सुरतेस पोहोचली, आणि पुढच्या दोन वर्षांत तिने अहमदाबाद आणि वसई घेतली. इतक्या लांबच्या स्वारीचा खर्च कलकत्त्याने कसा पेलला, हे ज्या कारभाऱ्याच्या मनात आले असेल त्याच्यापुढे एक निर्णय उभा होता: पुढच्या लढाईची फौज कोणत्या धर्तीवर उभी करायची आणि ती कशावर पोसायची.

हिंदुस्थानात त्या काळी या प्रश्नाची चार उत्तरे चालू होती किंवा आकार घेत होती. मराठ्यांचा सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला तोडून दिलेला मुलूख किंवा त्याचा वसूल, हे पहिले. महादजी शिंद्यांनी उत्तरेत जायदादीवर, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या परगण्यांवर, उभी केलेली कवायती पलटणे हे दुसरे. सरकारी वसुली आणि सरकारी व्यापार यांवर उभे असलेले हैदर-टिपूंचे म्हैसूर हे तिसरे, आणि बंगालचा महसूल व त्याच्या तारणावर उचललेले कर्ज हे ईस्ट इंडिया कंपनीचे चौथे. वाचकाने स्वतःला सालबाईनंतरच्या दरबारात, सल्ला देण्याच्या जागी बसवून त्यांकडे पाहावे. पुढे काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे, हा एक गैरवाजवी फायदा तेवढा आपल्या पदरी आहे.

तोफा, बंदुका आणि कवायत यांची तुलना येथे जाणूनबुजून मागे ठेवली आहे. १७९० नंतर मोठ्या दरबारांच्या तोफखान्यांत फारसे अंतर उरले नव्हते. शिंद्यांच्या तोफा इंग्रजांनीही वाखाणल्या, आणि म्हैसूरचे लोखंडी नळीचे बाण विलायतेस नेऊन त्यांवर प्रयोग केले. खरे अंतर होते ते वसुली आणि पगार यांच्यामधल्या वाटेत. रयतेच्या हातून निघालेला रुपया शिपायाच्या हाती पडेपर्यंत कितीजणांच्या हातांतून जातो, वाटेत किती महिने अडकतो, आणि वसूल बंद असलेल्या महिन्यांत उसना पैसा कोण देतो, या गोष्टींवर चारही पद्धती पारखाव्यात असे माझे मत आहे. आणखी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, पण तो सर्वांत जड आहे: सरदार मेला किंवा फितला, तर फौज कोणाची?

सरंजाम

शिवाजी महाराजांनी शक्यतो रोख पगार देण्याचा आणि मुलूख तोडून न देण्याचा पायंडा पाडला होता. राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला आणि खजिना रिता असताना, तो पायंडा टिकणे शक्यच नव्हते. जो सरदार मुलूख सोडवील त्याला त्या मुलखाचा सरंजाम, असा सौदा तेव्हा करावा लागला. त्या सौद्याने राज्य वाचले, हे आधी मान्य करून मगच त्याचे दोष सांगितले पाहिजेत.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या ६ सुभ्यांच्या चौथाईच्या (वसुलाच्या चौथ्या हिश्श्याच्या) आणि सरदेशमुखीच्या (आणखी दहाव्या हिश्श्याच्या) सनदा आणल्या. त्या वसुलाची वाटणी जवळून पाहण्यासारखी आहे. चौथाईचे १०० रुपये आले, तर त्यांतले २५ राजबाबती म्हणून छत्रपतींचे; ६ रुपये सहोत्रा म्हणून पंत सचिवांचे; ३ रुपये नाडगौडा म्हणून छत्रपती ज्याला देतील त्याचे; आणि उरलेले ६६ रुपये मोकासा म्हणून सरदारांचे, ज्यावर त्यांनी फौज बाळगायची. शिवाय हे हक्क निरनिराळ्या परगण्यांत विखरून दिलेले असत, म्हणजे कोणाही एकाला सलग मुलखावर पूर्ण ताबा मिळू नये. कागदावर ही योजना शहाणपणाची होती. व्यवहारात तिने एकाच परगण्यात अनेक कारकून आणि अनेक हिशेब उभे केले, आणि राज्य वाढत गेले तरी मधल्या खजिन्याचा हिस्सा त्या मानाने वाढू दिला नाही.

तरीही सरंजामी घोडदळ स्वस्त होते, ही गोष्ट सल्लागाराने विसरू नये. दसऱ्याला शिलंगण करून स्वारी निघायची, पावसाळ्याच्या तोंडावर परतायची; शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी आणि उरलेले महिने आपल्या गावी काढी. परमुलखातील चौथाई, खंडणी आणि घासदाणा यांवर स्वारीचा बराच खर्च भागे. वडगावला याच पद्धतीने काम केले. इंग्रजांच्या वाटेवरचे दाणावैरण जाळले, तळेगाव रिकामे करून पेटवून दिले, पाठीमागची रसद तोडली, आणि मोठी समोरासमोरची लढाई न देताच शत्रूला तहास आणले. ज्या राज्याला आपल्याच मुलखात, डोंगर-घाटांच्या आसऱ्याने लढायचे आहे, त्याला याहून कमी खर्चाची फौज मिळणार नाही.

मोठी स्वारी लांबली, किंवा परमुलखातून यायचा पैसा अडला, की मात्र हा हिशेब उलटत असे. पहिल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या आणि शिलेदारांच्या तगाद्याने आपण किती गांजलो आहोत याचे रडगाणे आहे, आणि तो काळ पराभवांचा नव्हता, विजयांचा होता. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. सुमारे ९ लाख निघाले आणि तेवढ्याने फार दिवस निभावले नाही. पानिपतावर काय चुकले याची चर्चा आपल्याकडे अजून रंगते, पण छत उतरवण्याची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसाकडे त्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही.

पेशव्यांच्या खालसा, म्हणजे थेट सरकारी, मुलखातही पैसा सरळ येत नसे. कमाविसदाराने, म्हणजे परगण्याचा वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने, नेमणुकीच्या वेळी वसुलाचा काही भाग रसद म्हणून आगाऊ भरायचा, ती रक्कम त्याने सावकाराकडून व्याजाने उचलायची आणि पीक हाती आल्यावर वसूल करून फेडायची, अशी रीत होती. यात दरबाराची सोय होती, कारण पावसाळ्यातली नड भागत असे. पण सावकार ओळखे तो कमाविसदाराला. राज्याची पत अशा शेकडो माणसांच्या खासगी पतीत वाटली गेली आणि सरकारच्या नावावर मोठी रक्कम कमी व्याजाने उचलण्याची सवय लागलीच नाही.

कवायती पायदळ आणि सरंजाम यांचे गणित जमत नाही, याचे कारण इथेच आहे. शिलेदार पावसाळ्यात घरी जातो; पलटणीचा शिपाई घरी गेला तर कवायत मोडते, म्हणून त्याला बारा महिने रोख पगार द्यावा लागतो. इब्राहिमखान गारद्याची पलटणे उदगीर आणि पानिपत येथे उत्तम लढली, पण त्यांच्या मागे कायमचा खजिना नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी, म्हणजे पगारी कवायती शिपाई, शनिवारवाड्यात शिरले तेव्हा थकलेल्या पगाराचा तगादा हे निमित्त त्यांना आयते मिळाले होते, आणि त्याची किंमत नारायणराव पेशव्यांनी दिली.

जायदाद

महादजी शिंद्यांना ही अडचण कोणाहीपेक्षा लवकर कळली, कारण त्यांच्यापुढे राजपुतांचे गड, रोहिले आणि दिल्लीचे राजकारण होते, आणि गड नुसत्या घोड्यांनी घेता येत नाहीत. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयचा रहिवासी बेन्वा द बॉइन याला नोकरीस ठेवून दोन पलटणे उभी केली. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींच्या बाजूला असलेली जुनी बादशाही पलटणे पगार थकल्यामुळे तोफांसकट शत्रूकडे गेली. द बॉइनची दोन पलटणे मात्र जागची हलली नाहीत. सारखीच बंदूक, सारखीच माणसे, आणि फरक केवळ पगाराचा, असा इतका स्पष्ट दाखला सहसा सापडत नाही.

यापुढची पायरी जायदादीची. द बॉइनला दहा हजारांच्या आसपास शिपायांचा कंपू (कवायती फौज) उभा करण्यास सांगितले गेले आणि त्याच्या खर्चासाठी दुआबातील परगणे नेमून दिले. कोळ म्हणजे अलीगढ हे ठाणे, वसुली त्याच्याच देखरेखीखाली, वसुलावर २ टक्के त्याचे, आणि बाकी पलटणींचा पगार. सरंजामाशी हे वरवर सारखे दिसते. फरक असा की सरंजामदार वंशपरंपरेने मुलखाचा धनी होत जाई, तर जायदाद ही ठरावीक फौजेच्या ठरावीक खर्चासाठी होती आणि तिचा हिशेब द्यावा लागे. पगार वेळेवर मिळे, लढाईत जखमी झालेल्याची सोय लावली जाई. १७९० मध्ये पाटण आणि मेडता, १७९३ मध्ये लाखेरी, या लढायांत कंपूने आपला खर्च वसूल करून दिला. मेडत्याला राठोडांच्या घोडदळाचे हल्ले पलटणींच्या चौकोनावर आदळून फुटले. लाखेरीला समोर होळकरांची फौज होती, हे मात्र आठवून वाईट वाटते; कवायतीचा हा मोठा प्रयोग मराठ्यांनी मराठ्यांवरच केला.

पद्धतीची खोट महादजींच्या हयातीत उघडी पडली नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये ते वानवडीस वारले, द बॉइन लवकरच नोकरी सोडून युरोपला गेला, आणि कंपू व जायदाद दोन्ही त्याच्या हाताखालच्या पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती आली. वसुली करणारा, पगार वाटणारा आणि हुकूम देणारा एकच माणूस, आणि त्याचे धन कंपनीच्या कलकत्त्यात गुंतलेले. १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले, तेव्हा इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील आपल्या लोकांना परत बोलावले आणि त्यांची सोय लावण्याचे वचन दिले. पुष्कळ जण गेले. पेराँही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयास गेला. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला, तेव्हा दरवाज्याची वाट दाखवणारा लुकन हा कालपरवापर्यंत शिंद्यांचाच अधिकारी होता.

आणि तरीही १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला युरोपीय अधिकाऱ्यांवाचून उरलेली तीच पलटणे अशी लढली की इंग्रज सेनापती लेकला त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. त्याआधी २३ सप्टेंबरला असईला गोलंदाज तोफांपाशी पडून राहिले, मेले असे समजून इंग्रज पुढे गेले, आणि मग त्यांनी उठून पाठीमागून तोफा डागल्या. त्या दिवशी इंग्रजांची सुमारे १,५०० माणसे मेली किंवा जखमी झाली. शिपाई तयार होता. वरचा अधिकारी आपला नव्हता, आणि आपला तयार करण्यास वीस वर्षांत कोणी हात घातला नाही, ही माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत महागडी बचत होय.

खजिन्याच्या बाजूनेही महादजींचे वारस दौलतराव यांच्या काळात गाडे घसरले. दुसऱ्या बाजीरावांनी गादीच्या बदल्यात कबूल केलेली मोठी रक्कम मिळेना, फौज पुण्यात बसून खात होती, तेव्हा १७९८ मध्ये दौलतरावांचा सासरा सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांना आणि सुखवस्तू लोकांना पकडून, छळ करून पैसा काढला. त्या वेळी फौजेचा पगार काही काळ निघाला असेल. पण ज्या शहराच्या पेढ्यांवर पेशव्यांची हुंडी चालत होती तिथली पत एकदा मोडली, ती पुन्हा बसली नाही.

म्हैसूर

हैदर-टिपूंचे राज्य मराठ्यांच्या निम्म्याहूनही लहान, आणि तरीही इंग्रजांना चार युद्धे करावी लागली. पाळेगारांचे, म्हणजे स्थानिक लहान सरदारांचे, हक्क मोडून, इनामे सरकारजमा करून, आमिलदारांकरवी (सरकारी वसुली अधिकाऱ्यांकरवी) रयतेकडून सरळ वसूल घेण्याचे काम येथे जेवढ्या नेटाने झाले तेवढे त्या काळी देशी राज्यांत दुसरीकडे झाले नाही. पडीक जमीन लावणाऱ्याला सूट, नांगर-बैलासाठी तगाई (सरकारी कर्ज), रेशमाच्या किड्यांची लागवड, हे सारे फौजेच्याच हिशेबात बसत होते, कारण पगाराचा रुपया पेरल्याखेरीज उगवत नाही हे टिपूला ठाऊक होते. मधला सरदार नसल्यामुळे सरदार फितण्याचा प्रश्नही सहसा उद्भवत नसे.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. म्हैसूरने अमृतमहाल जातीच्या बैलांचे सरकारी कळप बाळगले होते आणि तोफा, दाणागोटा त्यांच्यावर वाहिला जाई. १७९१ मध्ये इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी येऊन परत फिरला, कारण त्याचे बैल उपासाने मेले होते. वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच निकामी कराव्या लागल्या. परतताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली, तेव्हा तिच्याबरोबरच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सारे विकत मिळत होते, आणि भुकेल्या इंग्रज छावणीने ते घेतले. वंजाऱ्यांचे तांडे आणि चालता बाजार ही मराठ्यांची ताकद होती; म्हैसूरची ताकद सरकारी कळपाची. टिपू पडल्यावर ते कळप इंग्रजांकडे गेले आणि १८०३ मध्ये सेनापती आर्थर वेलस्लीच्या तोफा याच बैलांनी दख्खनेत ओढल्या.

म्हैसूरचा कच्चा दुवा व्यापारात होता. मिरी, चंदन, वेलदोडे यांचा व्यापार टिपूने सरकारच्या हाती घेतला, मस्कत आणि कच्छमध्ये कोठ्या घातल्या, कंपनीला माल मिळू नये अशी बंदी घातली. यातून पैसा आला, पण व्यापारी सरकारचा प्रतिस्पर्धी ठरला आणि नडीला कर्ज देणारा सावकारवर्ग राज्याभोवती उभा राहिला नाही. मार्च १७९२ च्या तहात निम्मे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले. त्या निम्म्यात मलबार होता, म्हणजे मिरीच गेली. कर्ज मिळण्याची वाट नव्हती, म्हणून सारा भार रयतेवर आणि सरदारांवर वर्गणीने बसला, आणि रक्कम फिटेपर्यंत दोन मुलगे इंग्रजांकडे ओलीस राहिले.

या तहात मराठ्यांनाही वाटा मिळाला. नाना फडणविसांनी १७९० मध्ये इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्यामागे हैदर-टिपूने कृष्णेपर्यंतचा मुलूख कसा गिळला होता याची खरी सल होती. पण म्हैसूर १७९९ मध्ये संपले आणि चार वर्षांत इंग्रजी फौजा पुण्यात आल्या, हा क्रम नजरेआड करता येत नाही.

कंपनी

कंपनीला १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली. बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख. जमिनीचा वसूल, बंदरावरचा व्यापार आणि लंडनशी असलेले नाते ही तीन साधने एका हाती आली. १७९३ च्या कायमधाऱ्याने, म्हणजे कायमची ठरवलेल्या साऱ्याने, बंगालचा वसूल सुमारे २ कोटी ६८ लाख सिक्का रुपयांवर ठरला, आणि ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत रक्कम न भरणाऱ्याची जमीनदारी लिलावात निघू लागली. वसुली कडक, पण तिच्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती आधीच मोजता येत होती. पुढच्या वर्षी किती येणार हे ठाऊक असलेल्या सरकारला सावकार कर्ज देतो. बनारसच्या गोपाळदासांची पेढी, सुरतेचे अर्जुनजी नाथजी त्रवाडी, अशा हिंदुस्थानी सराफांच्या हुंड्यांवर कंपनीच्या फौजा एका सुभ्यातून दुसऱ्या सुभ्यात चालत गेल्या. मराठी मुलखाचा पैसेवाला पुण्यात जप्तीच्या भीतीने रोकड जमिनीत पुरत असेल, तर कलकत्त्यात कंपनीचे रोखे घेत होता. एवढा फरक एका पिढीत पुष्कळ होतो.

कंपनीकडे पैशाची तंगी नव्हती, असे मात्र समजू नये. मराठे आणि हैदर या दोघांशी एकाच वेळी लढताना गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगाकडून आणि अयोध्येच्या बेगमांकडून ज्या रीतीने पैसा उकळला त्याबद्दल पुढे त्याच्यावर पार्लमेंटात खटला चालला. गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्लीच्या (आर्थरच्या भावाच्या) कारकिर्दीत कर्ज इतके फुगले की १८०५ मध्ये त्याला परत बोलावले गेले. म्हणजे सर्जेरावाने जे पुण्यात केले त्याचा एक प्रकार इंग्रजांनीही केला, पण स्वतःच्या सावकारांवर केला नाही, शेजाऱ्यावर केला.

तैनाती फौज ही याच विचाराची पुढची पायरी. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, आणि पगार दुसऱ्या राज्याच्या मुलखातून. निजामाने १८०० मध्ये, अयोध्येच्या नबाबाने १८०१ मध्ये मुलूख तोडून दिला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी ६ हजारांहून कमी नसलेल्या फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख दिला. द बॉइनला दिलेली जायदाद आणि ही, यांत कागदावर फारसा भेद नाही. भेद एवढाच की आता जायदादीचा धनी परका होता आणि त्याला काढून टाकता येत नव्हते. १८०५ च्या सुमारास कंपनीची फौज दीड लाखाच्या घरात गेली, आणि तिचा बराचसा खर्च अशा मुलखांवर बसलेला होता.

या पद्धतीची किंमत बंगालच्या रयतेने भरली. १७६९-७० च्या दुष्काळात हेस्टिंग्जच्याच अंदाजाने एक तृतीयांश लोक मेले, आणि १७७१ चा निव्वळ वसूल १७६८ पेक्षा जास्त निघाला, हेही त्यानेच कळवले. ज्याला ही वाट अनुकरणीय वाटते त्याने हे दोन आकडे एकत्र वाचावेत.

निवड करताना

कंपनीची वाट पुण्याला मोकळीच नव्हती. बंगालएवढा सुपीक, नद्यांनी जोडलेला मुलूख नव्हता, लंडन नव्हते, आणि समुद्रावरचा हात तर १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या मदतीने जाळू देऊन आपणच छाटला होता. तुळाजी उद्दाम होता हे खरे. पण उद्दाम सरदाराला वठणीवर आणण्यासाठी आरमार जळू देणे हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

म्हणून निवड उरते ती पहिल्या तिघांत, आणि माझा कौल कोणत्याही एकाला जसाच्या तसा जात नाही. वसुलीसाठी म्हैसूरकडे पाहावे: खालसा मुलूख वाढवावा, मधले हक्क कमी करावेत, तगाई द्यावी. व्यापारात म्हैसूरचे अनुकरण मुळीच करू नये. सावकाराला मोकळा सोडावा, त्याच्याकडून कर्ज सरकारच्या नावावर घ्यावे, आणि ते वेळेवर फेडण्यासाठी दोन-तीन चांगले परगणे कायमचे बाजूला ठेवावेत. फौजेसाठी महादजींची पलटणे घ्यावीत, पण जायदाद सेनापतीला न देता पगार हुजूर दफ्तरातून, म्हणजे पुण्याच्या सरकारी कचेरीतून, वाटावा, म्हणजे वसूल एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा राहील. जेवढ्या पलटणींचा बारा महिन्यांचा पगार आधी हाताशी असेल तेवढीच पलटणे ठेवावीत. सहा पगारी पलटणे बारा थकबाकीदार पलटणींपेक्षा बरी, हे लालसोटने शिकवले आहे. युरोपीय उस्ताद पहिल्या दहा वर्षांसाठी ठीक आहेत, मात्र प्रत्येकाच्या हाताखाली मराठी आणि हिंदुस्थानी दुय्यम अधिकारी पहिल्या दिवसापासून नेमलेला हवा.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा की, सरंजाम कमी करायला निघाले तर होळकर, गायकवाड, भोसले स्वस्थ बसणार नाहीत. आक्षेप खरा आहे. पण थोरल्या माधवरावांनी नागपूरकर जानोजी भोसल्यांना १७६९ च्या कनकापूरच्या तहाने नमते घ्यायला लावले होते, म्हणजे वयाने तरुण पण खमक्या पेशवा असेल तर हे होऊ शकत होते. सालबाईनंतर गादीवर सवाई माधवराव हे बालक होते, पुण्यात नाना, उत्तरेत महादजी, आणि दोघांत अविश्वास. सुधारणेसाठी मिळालेली जवळपास तेरा वर्षांची उसंत त्यात गेली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सारे सरदार अखेरचे एकत्र आले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. युद्ध चार-पाच वर्षांत येणारच असे दिसत असेल, तर वरचा सारा बेत बाजूला ठेवून जुने घोडदळच हाताशी धरावे, कारण अर्धवट कवायती फौज ही काहीच नसण्यापेक्षा वाईट. यशवंतराव होळकरांनी १८०४ च्या पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या खिंडीकडून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनच्या फौजेचा पाठलाग करून तिची धूळधाण उडवली, ती मुख्यतः या जुन्याच युद्धरीतीने. नोव्हेंबरात डीगपाशी त्यांचे पायदळ आणि तोफा गेल्या, चारच दिवसांनी फरुखाबादेस लेकने त्यांचे घोडदळ बेसावध गाठले. त्यानंतर वर्षभर ते पैशासाठी आणि मित्रांसाठी पंजाबपर्यंत फिरले. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला.